लाकडी पट्ट्या चिकटवून धनुष्य करताना सांधा का सुटतो?

प्रश्न : बांबूची पाठ (धनुर्धराच्या विरुद्ध, लक्ष्याकडची बाजू) आणि कठीण लाकडाचे पोट (धनुर्धराकडची बाजू) अशा पट्ट्या पांढऱ्या गोंदाने चिकटवून मी धनुष्य केले, परंतु दोरी चढवून ठेवल्यावर थर हळूहळू सरकू लागले. दोष गोंदाचा की दाबाचा?

पहिले उत्तर : मुख्यतः गोंदाचा. पांढरा गोंद वाळल्यावरही किंचित लवचीक राहतो आणि सततच्या ताणाखाली सरकतो. एपॉक्सी (दोन घटक मिसळून कठीण होणारा गोंद) वापरावे, मात्र त्यावर क्लॅम्प फार घट्ट आवळू नयेत, कारण गोंद बाहेर निघून जातो आणि सांधा उपाशी राहतो. चिकटवण्यापूर्वी पृष्ठभाग ६० ते ८० क्रमांकाच्या सँडपेपरने खरखरीत करून धूळ पूर्ण पुसावी.

दुसरे उत्तर : वरील मताशी सहमत आहे. पण माझ्या मते त्याहून महत्त्वाची गोष्ट जाडीची आहे. भुजेचा (मुठीच्या वर-खालच्या वाकणाऱ्या भागाचा) ताठरपणा रुंदीच्या सरळ प्रमाणात, तर जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जाडी १० टक्के वाढली की ताठरपणा सुमारे ३३ टक्के वाढतो. म्हणून पट्टी मुठीकडून टोकाकडे एकसारखी निमुळती करणे आणि दोन्ही भुजा सारख्या वाकतात की नाही हे पुन्हा पुन्हा तपासत पोटाकडूनच थोडे थोडे तासणे, यातच खरे कौशल्य आहे. बांबूच्या पाठीचे बाहेरचे तंतू कापू नका. ताण तेच पेलतात.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. नव्या पट्ट्या एपॉक्सीने चिकटवतो. बाण न लावता दोरी सोडायची नाही, हेही पाळेन.