पुणे जिल्हा मोडायचा की नाही? एकदाचं बोलून टाकू

आळेफाटा ते कोथरूड

जन्म जुन्नर तालुक्यातला, पोटापाण्यासाठी पंचवीस वर्षं कोथरूडला. गेल्या महिन्यात चुलत्यांची जमिनीच्या कामाची तारीख होती, पुण्यातल्या एका कचेरीत. कचेरीचं नाव काढत नाही, चुलत्यांना पुढेही तिथेच जायचंय. वय अठ्ठ्याहत्तर. पहाटे चारला अंजनावळ्यातून निघाले, जुन्नरला गाडी बदलली, चाकणच्या कोंडीत बसून राहिले, अकराला वाकडेवाडीला उतरले. साहेब मीटिंगला. पुढची तारीख. परत एसटी.

2011 च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या 94 लाख 29 हजार होती. सिंधुदुर्गाची साडेआठ लाख. त्यांनाही एक जिल्हाधिकारी, आम्हालाही एकच. ठाण्याचं 2014 मध्ये विभाजन होऊन पालघर झाला, तेव्हापासून लोकसंख्येत राज्यात पहिला नंबर आमचाच. त्या पहिल्या नंबराचं काय लोणचं घालायचं?

जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूरचा थोडा भाग मिळून शिवनेरी जिल्हा व्हावा ही मागणी आजची नाही. बारामती-इंदापूर-दौंडचाही वेगळा करा, आमचं काही म्हणणं नाही. ज्या जुन्नरात निजामशाहीची पहिली राजधानी होती, त्या गावाला साधी जिल्ह्याची कचेरी पेलणार नाही, असं कुणी म्हणू नये.

नळस्टॉपचा नास्तिक

चुलत्यांबद्दल वाईट वाटलं, खरंच. पण 94 लाखांचा आकडा फसवा आहे. त्यातले 31 लाख पुणे महापालिकेत, 17 लाख पिंपरी-चिंचवडमध्ये. म्हणजे अर्ध्याहून जास्त लोकांचा पाणी, कचरा, रस्ते हा रोजचा कारभार दोन आयुक्त बघतात. उरलेला ग्रामीण जिल्हा काही राज्यातला सर्वात अवजड नाही. क्षेत्रफळाचं म्हणाल तर आमच्या पुढे अहिल्यानगर आहे, 17 हजार चौरस किलोमीटरचा. त्याच्या विभाजनाचीही चर्चा किती वर्षं चालू आहे, तुम्हाला माहीत आहे.

आणि पालघरचं उदाहरण तुमच्याच अंगलट येतंय. मुख्यालय जव्हारला हवं म्हणून तिथले आदिवासी ओरडत होते, ते गेलं रेल्वेलाइनवर पालघरला. मोखाड्याच्या माणसाला पालघर काही शेजारचं गाव नाही.

चाकण चौक

खेड तालुक्याला कोणी विचारलंय का? शिवनेरीच्या यादीत आम्हाला परस्पर घालून मोकळे! चाकणची एमआयडीसी, आळंदी, आमचा सगळा जीव पिंपरी-भोसरीकडे. राजगुरुनगरहून पुण्याला तासाभरात पोचतो (कोंडी नसेल तर, म्हणजे पहाटे तीनला). आम्ही उलटं उत्तरेला जुन्नरला कशाला जायचं? मुख्यालय राजगुरुनगरला देणार असाल तर बोलू.

आळेफाटा ते कोथरूड

बघा, लगेच आलं! मुख्यालयाचा वाद तोडता येतो. सिंधुदुर्ग 1981 मध्ये झाला तेव्हा सावंतवाडी, मालवण, कुडाळ या कुणालाच न देता ओरोसला नवी नगरी वसवलीच ना?

इंदापूरची लेक

पश्चिमेकडच्यांनी आमचं परस्पर ठरवू नये म्हणून लिहितेय. इंदापूर ते पुणे 130 किलोमीटरच्या वर आहे, त्रास आम्हालाही होतो. पण आमच्या गावात विचाराल तर म्हातारी माणसं सरळ सांगतात, पुण्याला जाऊ, बारामतीला नको. राजकारण आहे त्यात, लपवायचं कशाला? पुण्यात आपण सगळेच परके असतो, म्हणून सगळे सारखे. शेजारच्या गावात कचेरी गेली की आधी कुणाचे कोण ते विचारलं जातं.

दुसरं पाण्याचं. खडकवासल्याचा कालवा दौंड ओलांडून आमच्याकडे येतो. दर उन्हाळ्यात पुणे शहर पाणी जास्त उचलतं आणि आमचं आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, लांबतं, हे भांडण आज एका जिल्ह्यात आहे. उद्या जिल्हा वेगळा झाला की पुण्याच्या नियोजन समितीत आमचा आवाज उरणार नाही.

नळस्टॉपचा नास्तिक

इंदापूरच्या ताई, पाण्याच्या बाबतीत थोडी दुरुस्ती. पाणी जिल्ह्याच्या हद्दीवर वाटलं जात नाही, प्रकल्पावर वाटलं जातं. कुकडीचंच बघा. येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज, पिंपळगाव जोगे ही धरणं जुन्नर-आंबेगावात, आणि पाणी पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, अगदी करमाळ्यापर्यंत. तीन जिल्हे. उजनीची भिंत सोलापुरात, फुगवटा तुमच्याकडे. भांडणं तशीही होतातच.

निवृत्त नायब

महसुलात चौतीस वर्षं काढली, त्यातली बरीच याच जिल्ह्यात. दोन-तीन गोष्टी इथे कुणी बोलत नाही.

सातबारा, फेरफार, दाखले यांसाठी कुणीही पुण्याला येत नाही, यायची गरजही नाही. फेरफाराचा वाद झाला की मंडळ अधिकारी निर्णय देतो. त्यावर अपील प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, जुन्नर-आंबेगावला प्रांत मंचरला बसतो. माणूस पुण्याला येतो तो त्याच्या पुढच्या पायरीला, अपर जिल्हाधिकाऱ्यांसमोर. आणि त्याच्याही वर गेलात तर विभागीय आयुक्त, म्हणजे पुन्हा पुणेच. शिवनेरी जिल्हा झाला म्हणून आयुक्तालय शिवनेरीवर येणार नाही.

आदिवासी बांधवांचंही तेच. प्रकल्प कार्यालय आज आंबेगाव तालुक्यातल्या घोडेगावलाच आहे, आणि त्यांची जात पडताळणी समिती जिल्हावार नसतेच, एकेक समिती अनेक जिल्हे बघते. गाड्यांच्या पासिंगला तर जिल्ह्याचे केव्हाच तुकडे झालेत, एमएच 12 पुणे, 14 पिंपरी-चिंचवड आणि 42 बारामती. त्यासाठी जिल्हा मोडावा लागला का?

आता पैशाचं, कारण खरी गोम तिथे आहे. पुणे जिल्हा परिषद राज्यात श्रीमंत समजली जाते ती शेतसाऱ्यावर नव्हे. ग्रामीण हद्दीत जमीन-फ्लॅटचा व्यवहार झाला की मुद्रांक शुल्काबरोबर एक टक्का अधिभार लागतो, तो जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतींकडे येतो. व्यवहार कुठे होतात? हवेलीत, मुळशीत, मावळात. त्या पैशातून जुन्नरच्या आदिवासी पट्ट्यातल्या शाळेची खोली बांधली जाते. उद्या शिवनेरी वेगळी केलीत की हिंजवडीचा पैसा हिंजवडीच्या जिल्ह्यात राहील. 2021 मध्ये वाघोली, सूस, म्हाळुंगे धरून 23 गावं महापालिकेत गेली, तेव्हा तिथलं उत्पन्न गेलं म्हणून जिल्हा परिषदेत किती आरडाओरडा झाला होता ते आठवा.

आळेफाटा ते कोथरूड

निवृत्त नायबसाहेब, मुद्रांकाचा मुद्दा मान्य, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण मग चाकण आमच्याकडे हवंच! (चाकण चौक, रागावू नका.)

चाकण चौक

म्हणजे आम्ही तुमची दुभती गाय. हे आधी सांगायचं होतं.

भोरचा पंत

इतिहासाचा हवाला देणाऱ्यांना एक आठवण. आज ज्याला आपण अखंड पुणे जिल्हा म्हणतोय तो 1948 पर्यंत अखंड नव्हताच. भोर हे पंतसचिवांचं संस्थान होतं, विलीनीकरणानंतर पुण्याला जोडलं. त्याच संस्थानातला सुधागड-पालीकडचा भाग कुलाबा जिल्ह्याला, म्हणजे आजच्या रायगडला गेला. दौंड आणि बारामती मिळून पूर्वी भीमथडी नावाचा एकच तालुका होता. वेल्हे तालुक्याचं नाव परवा राजगड झालं. सीमा सोयीनं आखल्या, सोयीनं बदलल्या. त्यामुळे 'पवित्र वारसा' वगैरे दोन्ही बाजूंनी नको.

आता त्याच भीमथडीतली गोष्ट. 12 मे 1875 ला सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. त्या दंग्याची चौकशी झाली आणि 1879 मध्ये दख्खन शेतकरी कायदा आला. शेतकऱ्याला दूरच्या कोर्टात फरफटत नेणं हे एक मोठं दुखणं होतं, म्हणून त्या कायद्यात गावमुन्सिफ (गावातच छोटे दावे ऐकणारे न्यायाधीश) नेमायची आणि दावा लावण्याआधी सलोखा करणाऱ्यांची सोय केली. पुणे, सातारा, सोलापूर, नगर, चारही जिल्हे होते तसेच राहिले. इंग्रजांचं कौतुक करायचा हेतू नाही, त्या कायद्यानं सावकारी संपली असंही नाही. पण जिल्हा न मोडता न्यायासन हलवता येतं, हे दीडशे वर्षांपूर्वी याच मातीत सुचलं होतं. आज अपर जिल्हाधिकाऱ्यांनी आठवड्यातले दोन दिवस मंचरला आणि दोन दिवस बारामतीला सुनावणी घेतली तर चुलत्यांची तारीख तिथेच पडेल. त्याला जिल्ह्याचा नकाशा बदलावा लागत नाही.

इंदापूरची लेक

बारामतीला नको. दौंडला घ्या. रेल्वे आहे.

आळेफाटा ते कोथरूड

पंत, सुनावणी मंचरला आली तर मी आज ही मागणी सोडतो. पण "दौऱ्यावर" येणारा साहेब किती वेळा येतो हे आम्ही तालुक्यात पाहिलंय. महिन्यातून एकदा, तोही निवडणूक नसेल तर. जिल्हा झाला की त्याला तिथेच राहावं लागतं, पोरंबाळं तिथल्या शाळेत घालावी लागतात. माझा सगळा हट्ट तेवढ्यासाठी आहे.

निवृत्त नायब

साहेबांची पोरं पुण्यातच शिकतात हो. जिल्हा कुठलाही असो. माझीही शिकली.

आळेफाटा ते कोथरूड

चुलत्यांची पुढची तारीख 19 ला आहे. त्या दिवशी चाकणला कोंडी किती असते, कुणी सांगेल का?

चाकण चौक

तळेगाव चौकातून नका येऊ. आदल्या रात्रीच मुक्कामाला या, आमच्याकडे उतरा. जिल्हा कुणाचाही असो.