बोस्टन लीगल : सलग की रोज एक?

'बोस्टन लीगल' ही वकिलांवरची अमेरिकन मालिका सलग बघून संपवावी असं बरेच जण म्हणताहेत, माझं मत उलट आहे. एकूण १०१ भाग. ओळीने पाहिले की ॲलन शोअर या वकिलाची कोर्टातली लांबलचक भाषणं एकाच साच्यातली वाटू लागतात. मी रात्री एकच भाग बघतो, त्यामुळे त्याचा ज्येष्ठ सहकारी डेनी क्रेन स्वतःचंच नाव ठणकावतो तेव्हा अजूनही हसू फुटतं.

जमलं तर आधी 'द प्रॅक्टिस' या आधीच्या मालिकेचा आठवा, म्हणजे शेवटचा सीझन बघा. ॲलन पहिल्यांदा तिथे येतो, आणि तिथला ॲलन जास्त बेरकी आहे. ॲलन साकारणाऱ्या जेम्स स्पेडरला २००४ साली त्यासाठी एमी हा टीव्ही पुरस्कार मिळाला आणि २००५ व २००७ मध्येही याच पात्रासाठी, पण 'बोस्टन लीगल'मधल्या कामाबद्दल. एकच पात्र, दोन मालिका, तीन एमी!

कायदा समजेल या आशेने मात्र बघू नका. ज्युरीपुढे एवढं राजकीय भाषण झोडणाऱ्या वकिलाला खरा न्यायाधीश लगेच खाली बसवेल. (तरी ती भाषणं मी पुढे ढकलत नाही, हे वेगळं.) पाचवा सीझन जेमतेम १३ भागांचा आहे, तो तेवढा एका शनिवार-रविवारात उरकला तरी चालेल.