मदत हवी आहे: ब्लेंडरमध्ये एस्केप दाबल्यावर माझं रेंडर लगेच थांबत नाही

नमस्कार मंडळी. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरसाठी स्वतःचं रेंडर इंजिन (थ्रीडी दृश्यातून चित्र तयार करणारा भाग) लिहितोय. वरचा भाग पायथनमध्ये, किरणांचा सगळा हिशोब सी++ लायब्ररीत. प्रत्येक टाइल (चित्राचा एक चौकोनी तुकडा) झाली की 'टेस्ट_ब्रेक' विचारतो, म्हणजे रेंडर रद्द केलंय का ते ब्लेंडरकडून तपासतो. ट्रू आलं की 'एंड_रिझल्ट'ला (निकाल ब्लेंडरकडे सोपवून संपवणारं फंक्शन) कॅन्सल ट्रू देऊन बाहेर पडतो. पण काचेच्या ग्लासवरची एकच टाइल ४० सेकंद खाते, आणि एस्केप दाबलेला माणूस तोवर ताटकळत बसतो. हे मला अजिबात पटत नाही.

आता सी++मध्ये अ‍ॅटॉमिक फ्लॅग (समांतर चालणाऱ्या थ्रेडना सुरक्षितपणे वाचता-बदलता येणारी खूण) ठेवून पिक्सेलच्या प्रत्येक ओळीनंतर तपासायचा विचार आहे. पण तो फ्लॅग लावायचा कोणी? 'टेस्ट_ब्रेक' दुसऱ्या थ्रेडवरून विचारलेलं चालतं का? की हिशोबच वेगळ्या थ्रेडवर टाकून रेंडर फंक्शनने दर १०० मिलिसेकंदांनी विचारत राहावं? कोणी केलं असेल तर अर्धवट टाइलची मेमरी कुठे सोडता, तेही सांगा.