सल्ला हवा: मेंदूची रचना अन् जोडण्या दाखवायला ऑफलाइन सॉफ्टवेअर (४ जीबी रॅम)

ट्यूटरताई_आर्वी
जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमा) पहिल्या वर्षाला मज्जासंस्था शिकवायची आहे. लॅबमध्ये ४ जीबी रॅमचे जुने लॅपटॉप, विंडोज १०, वेगळं ग्राफिक कार्ड नाही. नेट म्हणजे मोबाइलचं हॉटस्पॉट, अन् दुपारी लाइन कधी जाईल सांगता येत नाही. मेंदू फिरवून, कापून पाहता यावा. कोणता भाग कशाला जोडलेला आहे तेही दिसावं. फुकट काय मिळेल?

कापूसकोंड्या
ताई, सगळे थ्रीडी स्लायसर हे स्कॅन पाहायचं मोठं सॉफ्टवेअर सांगतील. चांगलंच आहे ते, पण ८ जीबी असेल तरच त्याच्या नादी लागा. तुम्ही एमआरआयक्रोजीएल घ्या, स्कॅन थ्रीडीत दाखवणारं हलकं सॉफ्टवेअर आहे. इन्स्टॉल करा लागत नाही. झिप एकदा उतरवायची अन् पेनड्राइव्हनं सगळ्या मशीनवर टाकायची. फोल्डरचं नाव इंग्रजीतच ठेवा, देवनागरी नावावर असली सॉफ्टवेअरं कधीकधी फाइल उघडत नाहीत.

सोबत आलेला एमएनआय१५२ हा नमुना मेंदू उघडा. क्लिपिंगच्या पट्ट्यांत डेप्थ सरकवली की मेंदू कापला जातो, ॲझिमथ अन् एलिव्हेशननं कापायची दिशा बदलते. एमएनआय१५२ हा १५२ जणांच्या स्कॅनची सरासरी आहे, म्हणून पृष्ठभागावरच्या घड्या गुळगुळीत दिसतात. सल्कस (घड्यांमधल्या खाचा) शिकवायचे तर एकाच माणसाचं टी१ स्कॅन (रचना स्पष्ट दाखवणारं एमआरआय) उघडा.

खिडकी काळीच राहिली तर बहुतेक वेळा ग्राफिक ड्रायव्हर जुना असतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून नवा टाका.

पांदण
डाव्या-उजव्याचं आधीच पाहून घ्या, नाहीतर पोरी उलटं पाठ करतील. रेडिऑलॉजीच्या पद्धतीत पेशंटची डावी बाजू पडद्यावर उजवीकडे येते, न्यूरॉलॉजीच्या पद्धतीत डावीकडेच. ओळखायचं सोपं आहे: एका बाजूला क्लिक करून एक्सचा आकडा पाहा. एमएनआयमध्ये धन म्हणजे उजवी बाजू, ऋण म्हणजे डावी.

जोडण्यांसाठी सर्फ-आइस. एमआरआयक्रोजीएलवाल्यांचंच आहे, तेवढंच हलकं. त्यात टीआरके किंवा टीसीके फाइल उघडते, तंतू रेषांनी दाखवणारी. डीएसआय स्टुडिओवाल्यांचा एचसीपी-१०६५ ॲटलास (जोडण्यांचा नकाशा) १०६५ जणांच्या डिफ्यूजन स्कॅनवरून (पाण्याची हालचाल टिपणारं एमआरआय) बनवलेला आहे. त्यातल्या कॉर्टिकोस्पायनल (मेंदू ते मज्जारज्जू), आर्क्युएट, सिंग्युलम अन् कॉर्पस कॅलोसम या तंतुमार्गांच्या एवढ्याच फाइली उतरवा. सगळ्या एकदम लोड केल्या की ४ जीबीवर मशीन बसलंच समजा.

तंतूंच्या रेषांचे नेहमीचे रंग असे: डावी-उजवी दिशा लाल, पुढे-मागे हिरवी, वर-खाली निळी.

ट्यूटरताई_आर्वी
कॉर्टिकोस्पायनल दाखवताना मेंदूकडून खाली जाणारे संदेश असं त्या रेषांवरून सांगता येईल का?

पांदण
रेषांवरून नाही. डिफ्यूजन एमआरआयला पाणी कोणत्या अक्षावर जास्त सरकतं तेवढंच कळतं. संदेश वर चालला की खाली, ते त्यात नसतंच. खाली जातो हे शरीरशास्त्रातलं ज्ञान, ते तुम्ही तोंडी सांगायचं. अन् एक रेष म्हणजे एक ॲक्सॉन (चेतापेशीचा लांब तंतू), असं तर बिलकुल नको. एचसीपीच्या स्कॅनचा एक व्हॉक्सेल (चित्राचा सगळ्यात छोटा ठोकळा) १.२५ मिमीचा, ॲक्सॉनची जाडी मायक्रॉनमध्ये. एका व्हॉक्सेलमध्ये लाखो मावतात. रेष हा गणितानं काढलेला अंदाज आहे.

कापूसकोंड्या
याला जोडून: साध्या टेन्सर पद्धतीच्या फाइलीत हात अन् चेहऱ्याकडचे कॉर्टिकोस्पायनल तंतू गायब दिसतात, फक्त पायाकडचे मधले उभे राहतात. सेंट्रम सेमिओव्हेलमध्ये (गोलार्धातला पांढरा भाग) कॅलोसमचे अन् सुपिरिअर लाँजिट्युडिनलचे (पुढे-मागे जाणारा मार्ग) तंतू त्यांना आडवे छेदतात. टेन्सर एका व्हॉक्सेलला एकच मुख्य दिशा देतो, म्हणून बाजूचे तंतू तिथंच तुटतात. एखादी पोरगी विचारेलच, ‘मॅडम, हाताची नस कुठे गेली?’

पांदण
नेट धड असलं त्या दिवशी ईब्रेन्स या मेंदू-संशोधनाच्या साइटवरच्या एक्सप्लोररमध्ये बिगब्रेन पाहून घ्या. ७४०४ कापांतून बांधलेला, २० मायक्रॉन बारकाईचा मेंदू आहे, २०१३ सालचा. कॉर्टेक्सचे थर दाखवायला त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही. पण हॉटस्पॉटवर वर्गात उघडू नका, डेटा भसाभसा जातो. आधी घरून स्क्रीनशॉट काढून ठेवा.