मदत हवी: ओपनडीएसएस + पायथन + अर्डुइनो उनो, टॅप थांबतच नाही

फीडर_तेरा: आयईईई १३-नोड फीडर (चाचणीसाठीचं छोटं वीजवितरण जाळं) ओपनडीएसएस या वीजजाळ्याच्या सिम्युलेटरमध्ये चालवतोय. पायथन दर स्टेपला रेग्युलेटरचं व्होल्टेज सिरियलवरून उनोला (छोटा कंट्रोलर बोर्ड) पाठवतो, उनो टॅप, म्हणजे व्होल्टेज चढवणारी-उतरवणारी रेग्युलेटरची पायरी, वर की खाली ते सांगतो. टॅप एकदा वर, एकदा खाली, चालूच. परवा डेमो आहे, लवकर सांगा.

रिलेवाला: बँड (सेटिंगभोवतीची सूट), डिले (टॅप हलवण्याआधीची वाट), स्टेप (सिम्युलेशनची एक उडी) किती? मॉडेलमधले रेगकंट्रोल (टॅप आपोआप हलवणारे ओपनडीएसएसचे कंट्रोलर) बंद आहेत का?

फीडर_तेरा: सेटिंग १२२, बँड २ व्होल्ट, डिले ३० सेकंद, स्टेप १ मिनिट. रेगकंट्रोल आहेत तसेच आहेत.

कोसिम_प्रेमी: सिरियल सोडा, हेलिक्स (अनेक सिम्युलेटर एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर) लावा. वेळेचा ताळमेळ तोच सांभाळतो.

रिलेवाला: परवाच्या डेमोला हेलिक्स? एक फीडर, एक कंट्रोलर, पायथनचा लूप पुरतो. खरी गोम अशी, की एका टॅपवर दोन कंट्रोलर आहेत. मॉडेलमधल्या रेगकंट्रोलला लाइन ड्रॉप भरपाई (पुढच्या तारेत पडणारं व्होल्टेज धरून टॅप लावणं) आहे, आर ३, एक्स ९. तो टॅप बराच वर नेतो; आयईईईच्या प्रसिद्ध उत्तरात पूर्ण लोडला तीन फेजचे टॅप १०, ८, ११ वर आहेत, म्हणजे १२० च्या बेसवर १२६ ते १२८ व्होल्ट. उनो तेच व्होल्टेज १२२ शी ताडून टॅप उतरवतो, पुढच्या सॉल्व्हला रेगकंट्रोल परत चढवतो. कंट्रोलमोड ऑफ करा.

लोडफ्लो: त्याने सगळेच कंट्रोल बंद पडतात. तीन रेगकंट्रोल तेवढे डिसेबल करा, उद्या कपॅसिटर कंट्रोल जोडलात तर अडणार नाही. आणि डिले मिलिसवर (उनोच्या घड्याळाच्या फंक्शनवर) मोजताय का? उनोचं घड्याळ खऱ्या वेळेचं, सिम्युलेशन मिनिटामिनिटाने उडी मारतं. वेळ पायथननेच पाठवायची. स्टेप ५ सेकंद करा, ६० च्या स्टेपमध्ये ३० च्या डिलेला अर्थ राहत नाही.

पॅनेलबोर्ड: टॅप मोटरच्या रिलेला ऑप्टोकपलर लावा, नाहीतर उनो जळेल.

लोडफ्लो: अहो, इथे मोटरच नाही!

फीडर_तेरा: तिन्ही बंद केले, टॅप थांबला. पण आता ६७५ नोडला सी फेज ११४ च्या खाली जाते.

रिलेवाला: जाणारच, उनोत भरपाई नाही. करंटचा फेजरही (मॅग्निट्यूड आणि कोन) पाठवा: व्होल्टेज भागिले २० (पीटी रेशो), त्यातून करंट भागिले ७०० (सीटीचं रेटिंग) गुणिले (३ अधिक जे९) वजा करा. उत्तराचं मॅग्निट्यूड १२२ शी ताडा. उनोत रिअल-इमॅजिनरी वेगळे ठेवा. पोर्ट लूपच्या बाहेर एकदाच उघडा आणि २ सेकंद थांबा. पोर्ट उघडला की उनो रिसेट होतो आणि लक्षात ठेवलेला टॅप विसरतो.