पाच माणसांच्या घरासाठी ड्रिप कॉफी मेकर कोणता घ्यावा?

सकाळची घाई

नमस्कार. आम्ही मुलुंडला राहतो आणि घरात पाच माणसे आहेत: सासू-सासरे, आम्ही दोघे आणि कॉलेजला जाणारी मुलगी. आमच्याकडे चहा होत नाही, हे ऐकून पाहुणे थोडे दचकतात. पण सासूबाईंचे माहेर हुबळीचे असल्यामुळे या घरात पहिल्यापासून कॉफीच चालत आली आहे. ती आजवर स्टीलच्या फिल्टरमध्ये होते. रात्री झोपण्यापूर्वी कोणीतरी पावडर भरून उकळते पाणी ओतायचे आणि सकाळी खालच्या भांड्यात उतरलेला अर्क गरम दुधात घालायचा, अशी पद्धत आहे.

अडचण वेळेची आहे. माझी सकाळची शाळा असल्यामुळे मी सहाला घर सोडते, मुलगी सातच्या सुमारास निघते, हे आठला जातात आणि सासू-सासरे पूजा आटोपून साडेआठला कॉफीला बसतात. रात्रीचा अर्क तोवर संपलेला असतो. मग कोणीतरी त्याच भिजलेल्या पावडरीवर दुसऱ्यांदा पाणी ओतते आणि घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या दोघांच्या वाट्याला रंगीत पाणी येते. म्हणून विजेवर चालणारा ड्रिप कॉफी मेकर, म्हणजे पाणी तापवून थेंबाथेंबाने पावडरीवर सोडणारे यंत्र, घ्यायचा असे ठरले आहे.

काचेचा जग आणि त्याखाली हॉटप्लेट असलेले यंत्र घ्यावे की थर्माससारखा स्टीलचा जग असलेले? पाच माणसांना 'दहा कपां'चे यंत्र फार मोठे होईल का? टायमरचा खरोखर उपयोग होतो का? दीर नोव्हेंबरमध्ये न्यू जर्सीहून येणार आहेत आणि तिथून यंत्र आणू का, असे विचारत आहेत, तर त्यांना काय सांगावे? सासऱ्यांचे कोलेस्टेरॉल वाढलेले आहे, हेही सांगून ठेवते. ओट्यावर शेगडी, मिक्सर आणि पाण्याचा फिल्टर मांडून झाल्यावर जेमतेम हातभर जागा उरते आणि वर भिंतीतले कपाट आहे.

टीपकागद

तुमच्या वेळापत्रकावरूनच पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते: थर्मासचाच जग घ्या. पावणेसहाला केलेली कॉफी साडेआठपर्यंत हॉटप्लेटवर राहिली, तर ती गरम राहील, पण पिण्यासारखी राहणार नाही. अर्ध्या तासानंतर तिचा वास उडू लागतो, पाणी आटत जाते आणि कडवटपणा वाढतो. युरोपात 2015 पासून जे यंत्र विकले जाते, त्याची हॉटप्लेट कॉफी तयार झाल्यावर 40 मिनिटांच्या आत आपोआप बंद झालीच पाहिजे असा नियम आहे. तो वीज वाचवण्यासाठी केला असला, तरी त्यात कॉफीचेही भलेच झाले आहे. थर्मासच्या जगात उष्णता बाहेरून दिली जात नाही, त्यामुळे कॉफी हळूहळू निवते, पण करपत नाही. एक गोष्ट मात्र रोज करावी लागते. यंत्र सुरू करण्यापूर्वी जग गरम पाण्याने विसळून घ्यायचा, नाहीतर गार स्टीलच पहिली उष्णता पिऊन टाकते.

कपांच्या हिशेबात सगळेच फसतात. यंत्रावरचा 'कप' बहुधा 125 मिलिलिटरचा धरलेला असतो, म्हणजे 'दहा कप' याचा अर्थ सव्वा लिटर, आणि आपल्या घरातला मग 200 ते 250 मिलिलिटरचा असतो. तेव्हा दहा कपांचे यंत्र तुमच्या पाच माणसांना मोठे नसून बरोबर आहे. सहा कपांचे घेतलेत, तर दोनदा लावावे लागेल आणि मूळ अडचण जिथल्या तिथे राहील.

वॉट पाहून घ्या. मुंबईच्या नळाचे पाणी मुळातच कोमट असल्यामुळे आपल्याला थोडी सवलत मिळते. तरीही सव्वा लिटर पाणी 27-28 अंशांवरून 93 अंशांपर्यंत नेण्यास 900 वॉटच्या यंत्राला सात-आठ मिनिटे लागतात, तर 600 वॉटच्या यंत्राला अकरा-बारा. केवळ वेळेचा प्रश्न असता तर चालले असते, पण पाणी पावडरीवर पडताना 92 ते 96 अंशांच्या दरम्यान असावे लागते, आणि दुबळ्या यंत्रात पहिले पाणी त्याहून बरेच गार पडते. कॉफी आंबट आणि पोकळ लागली की लोक पावडरीला दोष देतात.

सासऱ्यांच्या दृष्टीने कागदी गाळणी लावता येईल असेच यंत्र घ्या. कॉफीच्या तेलकट अंशात कॅफेस्टॉल नावाचा घटक असतो, तो रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो, आणि कागद तो बराचसा अडवून धरतो. धातूच्या जाळीतून तो खाली उतरतो. यंत्रासोबत येणारी नायलॉनची किंवा सोनेरी जाळी पुन्हापुन्हा वापरता येते हे खरे, पण तुमच्या घरात कागदच योग्य ठरेल. कागदी गाळणीची सुरुवातही घरातूनच झाली आहे, हे जाता जाता सांगतो. 1908 साली ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंत्झ या गृहिणीने भोके पाडलेल्या पितळी भांड्यात मुलाच्या वहीतला टीपकागद घालून कॉफी गाळली आणि त्याचे पेटंट घेतले. भोकांचे पितळी भांडे आपल्या दक्षिणेकडच्या फिल्टरशी मिळतेजुळते होते. नवा होता तो कागद.

दोन तारा

न्यू जर्सीच्या यंत्राविषयी एवढेच लिहितो, कारण आयुष्यभर विजेचेच काम केले आहे. दिरांना 'नको' म्हणून कळवा. तिकडची वीज 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला 60 आवर्तने), आपली 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ. तिकडचे 900 वॉटचे यंत्र आपल्या सॉकेटमध्ये थेट लावले, तर हीटर साडेतीन पटींहून अधिक वीज खेचू पाहतो आणि काही क्षणांत जळतो. ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण हीटरच्या यंत्राला पुरेल असा ट्रान्सफॉर्मर कॉफी मेकरपेक्षा जड भरतो आणि तुमचा हातभर ओटा तोच खाईल. शिवाय ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. ज्या यंत्राचे घड्याळ विजेच्या आवर्तनांवर चालते, ते आपल्याकडे तासाला दहा मिनिटे मागे पडते, म्हणजे टायमरवर सहाची कॉफी लावलीत, तर ती कधी होईल ते रोज नव्याने शोधावे लागेल.

इथले 900-1000 वॉटचे यंत्र चार-साडेचार अँपिअर घेते, तेव्हा ओट्यावरचे साधे 6 अँपिअरचे सॉकेट त्याला पुरते. मात्र त्याच बोर्डावर मल्टिप्लग लावून मिक्सर आणि इंडक्शन चालवू नका. विजेच्या खर्चाची काळजी करण्यासारखे काही नाही; आठ मिनिटांना 0.12 युनिट जाते.

माटुंगा पूर्व

वरच्या दोघांनी दिलेली माहिती योग्य आहे, पण ज्या प्रश्नावर घरात भांडण होणार आहे तो अजून कोणीच विचारलेला नाही. तुमच्याकडे कॉफी दुधाची पितात की कोरी?

ड्रिप यंत्र घडले ते कोरी कॉफी पिणाऱ्यांच्या देशांत. लिटरभर पाण्याला 55 ते 60 ग्रॅम पावडर हे त्याचे प्रमाण, आणि त्या कॉफीत आपल्या पद्धतीने अर्धे दूध ओतले की जे तयार होते ते तुमच्या सासूबाई पहिल्याच घोटाला बाजूला ठेवतील. माझ्या ओळखीच्या तीन घरांत यंत्र याच कारणाने महिन्याभरात माळ्यावर गेले आणि तिन्ही घरांनी दोष यंत्राला दिला. खरे तर यंत्राकडून अर्क मागायचा असतो, कॉफी नाही.

मी असे करतो. दहा कपांच्या यंत्रात 600 मिलिलिटर पाणी आणि 60 ग्रॅम पावडर घालतो. पावडर आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवते, म्हणून जगात सुमारे 480 मिलिलिटर अर्क उतरतो. त्यात वेगळे तापवलेले 320 मिलिलिटर दूध घातले, की 200 मिलिलिटरचे चार कप होतात आणि कॉफीची चव टिकते. दूध जगात कधीही घालू नये. थर्मासच्या अरुंद तोंडातून त्याची साय आणि वास काही केल्या निघत नाही. ज्याने त्याने आपापल्या वेळी कपात अर्क घेऊन वर वाफाळते दूध ओतावे. असे केल्याने साडेआठपर्यंत थोडा निवलेला अर्कही पुन्हा गरम होतो.

दुसरी गोष्ट दळणाची. स्टीलच्या फिल्टरसाठी घेतलेली पावडर यंत्राला चालत नाही, ती फार बारीक असते. उपम्याच्या रव्याइतके जाड दळण हवे. लापशीच्या रव्याइतके जाड झाले तर पाणी नुसतेच वाहून जाते. आमच्याकडे म्हैसूर कन्सर्न्ससारख्या दुकानांत पीबेरी किंवा प्लँटेशन ए या प्रकारचे कॉफीचे बी तुमच्यासमोर दळून देतात. 'मशीनसाठी' एवढेच न म्हणता दळण चिमटीत घेऊन पाहा आणि चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड) किती घालायची तेही स्वतः सांगा. बंद पाकीट घेणार असाल, तर त्यावर चिकोरीचे प्रमाण छापलेले असते. काही मिश्रणांत ते निम्म्याच्या जवळ जाते. चिकोरीने अर्क दाट होतो, पण कागदातून उतरायला तोच दाटपणा आड येतो.

ऐरोली सेक्टर आठ

चिकोरीच्या शेवटच्या वाक्याला माझा अनुभव जोडते. पहिल्याच आठवड्यात मी घरातली नेहमीची, भरपूर चिकोरीची बारीक पावडर यंत्रात भरली आणि आंघोळीला गेले. बाहेर आले तेव्हा कागद तुंबला होता, वरून पाणी पडतच होते, कागद आणि पावडर ठेवायची बास्केट काठोकाठ भरून वाहत होती आणि काळा चिखल ओट्यावरून गॅसच्या नळीपर्यंत पोहोचला होता. यंत्राला यातले काहीच कळत नाही. टाकीतले पाणी संपेपर्यंत ते पाणी वर पाठवत राहते. जग नीट आत सरकवलेला नसेल, तरीही हेच होते, कारण बास्केटच्या तळाची झडप जगाच्या झाकणाने दाबली गेली तरच उघडते. माझ्या यंत्राची ती झडप पुढे महिन्याभरात अडकू लागली आणि विकणाऱ्या कंपनीच्या सेवा केंद्राने सुटा भाग मिळत नाही म्हणून हात वर केले. तेव्हा जग, झाकण आणि बास्केट सुटे मिळतात का, हे घेण्यापूर्वी विचारा.

झुरळांविषयी कोणी लिहिले नाही याचे आश्चर्य वाटले. मुंबईत उबदार, ओलसर आणि अंधारी जागा रात्रभर रिकामी ठेवली की ती कोणाची होते हे सांगायला नको. वापरून झाल्यावर चोथा लगेच काढायचा, टाकीचे झाकण वाळेपर्यंत उघडे ठेवायचे आणि यंत्र भिंतीपासून चार बोटे पुढे ओढून ठेवायचे. टायमरला माझा विरोध याचसाठी आहे: रात्रभर पावडर उघडी आणि पाणी साचलेले. पावसाळ्यात तर सकाळपर्यंत पावडरीचा वास निम्मा गेलेला असतो.

तुमच्याकडे भातसा-तानसाचे महापालिकेचे पाणी येत असेल, तर क्षार फार धरणार नाहीत. सोसायटीत टँकर किंवा बोअरचे पाणी मिसळत असतील, तर महिन्या-दीड महिन्याने लिटरभर पाण्यात दोन चमचे सायट्रिक ॲसिड विरघळवून अर्धे पाणी यंत्रातून जाऊ द्यावे, वीस मिनिटे यंत्र बंद ठेवावे, मग उरलेले सोडावे आणि साध्या पाण्याने दोनदा धुवावे.

वरच्या कपाटाचे मात्र आधी माप घ्या, तेही यंत्राचे झाकण उघडे धरून. बंद झाकणाने बसणारे यंत्र पाणी भरताना दर वेळी पुढे ओढावे लागते आणि तुमच्या घरात ते दिवसातून किती वेळा होईल हे तुम्हीच मोजा.

सकाळची घाई

सर्वांचे मनापासून आभार. दिरांना कळवले, त्यांनाही सुटल्यासारखे वाटले असावे. थर्मासचा जग असलेले, दहा कपांचे, 1000 वॉटचे यंत्र घेतले. दुकानात टेप घेऊन गेले होते, त्यामुळे झाकण उघडल्यावर कपाटाला दोन बोटे कमीच लागते.

आमची कॉफी दुधाचीच आहे, हे मी लिहायला विसरले होते. 'माटुंगा पूर्व' यांनी दिलेल्या प्रमाणाने गेले आठ दिवस करत आहे. पावणेसहाला यंत्र लावते, माझा कप घेऊन निघते, आणि साडेआठला सासूबाई फक्त दूध तापवतात. त्यांचे म्हणणे असे की वास पूर्वीपेक्षा चांगला आहे, पण 'अंग' कमी आहे. त्यांना हुबळीची वीस टक्के चिकोरी लागते आणि 'ऐरोली सेक्टर आठ' यांचे वर्णन वाचल्यापासून मी शुद्ध कॉफीच वापरत आहे. थोडी चिकोरी घातली तर तुंबेल का?

माटुंगा पूर्व

'अंग' हा शब्द अगदी बरोबर आहे. चिकोरीसोबत ते तेलही गेले आहे, जे कागद अडवतो. तेल सासऱ्यांसाठी अडलेलेच बरे. चिकोरी मात्र वेगळ्या पुडीत बांधून घ्या आणि 60 ग्रॅममध्ये 3 ग्रॅमपासून सुरुवात करा. दर दोन दिवसांनी एकेक ग्रॅम वाढवा आणि त्या दिवसांत यंत्रासमोर उभे राहून बास्केटमधली पातळी पाहा. पाणी पावडरीच्या वर दोन बोटे साचून राहू लागले, की एक ग्रॅम मागे या. माझ्या यंत्रात 6 ग्रॅमपर्यंत निभावते. त्यापुढे जायचे असेल, तर पावडर आणखी जाड दळून घ्यावी लागेल, आणि मग पुन्हा चव पाहावी लागेल.