बडतर्फी, नाहीतर काहीच नाही: न्यायमूर्तींसाठी मधली शिक्षा हवी की नको?

कायदेकानू
न्यायमूर्तींना हटवायचं तर लोकसभेच्या १०० किंवा राज्यसभेच्या ५० सदस्यांच्या सह्या लागतात. मग १९६८च्या न्यायाधीश चौकशी कायद्याखाली तिघांची समिती चौकशी करते. तिने दोषी धरलं, तरी दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांचं बहुमत आणि मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश, दोन्ही हवं. सर्वोच्च न्यायालयाचे न्या. व्ही. रामस्वामी यांच्या प्रकरणात न्या. पी. बी. सावंतांच्या समितीने सरकारी निवासस्थानाच्या फर्निचर-खरेदीसह १४ पैकी ११ आरोप सिद्ध धरले. मे १९९३मध्ये लोकसभेत त्यांना हटवण्याच्या ठरावाच्या बाजूने १९६ मतं पडली, विरोधात एकही नाही, तरी ठराव पडला. २०५ खासदार तटस्थ राहिले! ताकीद, ठरावीक मुदतीची कामबंदी, निवृत्तिवेतनात कपात अशा शिक्षा देणारं कायमस्वरूपी मंडळ हवंच.

दक्षिणवारा
साफ असहमत. उंबरठा मुद्दाम उंच ठेवलाय. न्यायालयातला सगळ्यात मोठा पक्षकार सरकारच असतं. मंडळात त्याची माणसं बसली, की त्याच्याविरुद्ध निकाल देणाऱ्यावर ताकिदीची टांगती तलवार येणार. मुंबईचे तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती ए. एम. भट्टाचार्जी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ला सांगितलं: वकील संघटनांनी राजीनाम्यासाठी दबाव आणू नये, तक्रार सरन्यायाधीशांकडे द्यावी. त्यातूनच अंतर्गत चौकशीची पद्धत आली. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींसाठी इतर उच्च न्यायालयांचे दोन मुख्य न्यायमूर्ती आणि एक न्यायमूर्ती बसतात. आरोप गंभीर ठरला तर राजीनाम्याचा सल्ला, नाही ऐकलं तर काम काढून घेतात.

कायदेकानू
सल्लाच ना? कोलकाता उच्च न्यायालयाचे न्या. सौमित्र सेन यांना हटवण्याचा ठराव राज्यसभेत १८९ विरुद्ध १७ने मंजूर झाला. लोकसभेत येण्याआधीच १ सप्टेंबर २०११ला त्यांनी राजीनामा दिला आणि विषय संपला. न्यायमूर्तींची दुसऱ्या राज्यात बदली करणं हा उपाय तर त्याहून वाईट. एका राज्यातल्या पक्षकारांना नको असलेला न्यायमूर्ती दुसऱ्या राज्यातल्यांनी का सोसायचा?

पक्षकार
मधल्या शिक्षा खालच्या न्यायालयांत आहेतच. राज्यघटनेच्या कलम २३५खाली तिथलं नियंत्रण उच्च न्यायालयाकडे असतं. निलंबन, आरोपपत्र, खातेनिहाय चौकशी, वेतनवाढ रोखणं, सक्तीची निवृत्ती, सगळं होतं. त्याने जिल्हा न्यायाधीशाचं स्वातंत्र्य बुडालं, असं दक्षिणवारा म्हणतील का?

दक्षिणवारा
तिथे शिस्त लावणारं न्यायालयच आहे, सरकार नाही. शिफारस राज्यपालांवर बंधनकारक असते. तसंच फक्त न्यायमूर्तींचं मंडळ असेल, कारणांसह आदेश देणारं, तर ताकीद आणि कामबंदी मला चालेल. निवृत्तिवेतनाला मात्र हात नको. म्हातारपणाच्या पैशाची धास्ती घालून कुणाचाही निकाल फिरवता येतो.